भीतीला गुन्हा न मानणारा डॉक्टर

पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१६ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवर हॅरी फार नावाच्या पंचवीस वर्षांच्या ब्रिटिश शिपायाला गोळ्या घालून ठार करण्यात आले. गोळ्या झाडणारे शत्रूचे नव्हते, त्याच्याच सैन्यातले होते. आदल्या वर्षी तोफगोळ्यांच्या भडिमाराने त्याचे मन कोलमडले होते आणि त्याने तब्बल पाच महिने लष्करी रुग्णालयात काढले होते. पुन्हा खंदकात जाण्याची वेळ आली तेव्हा त्याचे पाय उचलेनात. लष्करी न्यायालयाने त्याला भेकडपणाबद्दल दोषी ठरवले. त्याच्या बाजूने बोलणारा वकील नव्हता. बचाव त्याचा त्यालाच करावा लागला.

त्याच ऑक्टोबर महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराबाहेरच्या क्रेगलॉकहार्ट युद्ध रुग्णालयात बावन्न वर्षांचा एक डॉक्टर कॅप्टनच्या गणवेशात रुजू झाला. अशाच कोलमडलेल्या माणसांना समोर बसवून त्यांच्याशी बोलायचे, हे त्याचे काम होते. विल्यम रिव्हर्स हे त्याचे नाव. एकाच सैन्याचे, एकाच व्याधीवरचे हे दोन उपाय होते. त्यांतला दुसरा उपाय लोकांच्या गळी उतरवण्यासाठी रिव्हर्स यांनी आयुष्याची शेवटची काही वर्षे वेचली.

रिव्हर्स यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात, चॅटहॅमजवळच्या लूटन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. रिव्हर्स यांचे मामा जेम्स हंट हे तोतरेपणावर उपचार करणारे नामांकित तज्ज्ञ होते. त्यांच्या पश्चात हे काम रिव्हर्स यांच्या वडिलांनी पुढे चालवले. ‘अॅलिस’च्या कथा लिहिणारे लुईस कॅरॉल हेही बोलण्यातल्या अडखळण्यावर उपाय शोधत या कुटुंबाच्या संपर्कात आले होते. दैवाचा खेळ असा, की ज्या घरात इतरांच्या जिभेची गाठ सोडवली जात होती, त्याच घरातला थोरला मुलगा जन्मभर तोतरा राहिला. बोलताना शब्द घशात अडणे म्हणजे काय, हे रिव्हर्स यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

टनब्रिजच्या शाळेत ते हुशार विद्यार्थी म्हणून ओळखले जात. मात्र विषमज्वराने गाठल्यामुळे केंब्रिजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा हुकली. मग त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते डॉक्टर झाले. काही काळ जहाजावरचे डॉक्टर म्हणून त्यांनी जपान आणि उत्तर अमेरिकेपर्यंत प्रवास केला. त्यानंतर लंडनमधील मज्जासंस्थेच्या विकारांसाठी असलेल्या राष्ट्रीय रुग्णालयात आणि बेथलेम या मनोरुग्णालयात त्यांनी काम केले. पुढे केंब्रिजने त्यांना बोलावून घेतले. प्रायोगिक मानसशास्त्र हा विषय तेव्हा इंग्लंडमध्ये नवा होता. तो शिकवणाऱ्या पहिल्या पिढीतले ते एक.

१८९८ मध्ये केंब्रिजचे अल्फ्रेड हॅडन यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर एक शास्त्रीय मोहीम नेली. तिच्यात रिव्हर्स सहभागी झाले. गेले ते बेटवासीयांची दृष्टी आणि इतर संवेदना मोजायला. परंतु तेथील लोकांची नाती समजून घेताना त्यांच्या हाती एक साधी पद्धत लागली. माणसाला अमूर्त प्रश्न न विचारता त्याच्या आईचे, वडिलांचे, भावंडांचे, मुलांचे नाव विचारायचे आणि त्या नावांमधून अख्ख्या समाजाची वीण उलगडत न्यायची. ही वंशावळीची पद्धत पुढे जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांनी स्वीकारली.

हीच पद्धत घेऊन रिव्हर्स १९०१ मध्ये भारतात आले. निलगिरीच्या डोंगरात म्हशींचे कळप राखणाऱ्या, दुधाच्या कामाला पूजाविधीचे स्थान देणाऱ्या तोडा जमातीत त्यांनी काही महिने मुक्काम केला. या जमातीची लोकसंख्या तेव्हा सुमारे ८०० होती. एका माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून स्वतंत्रपणे पडताळून घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता होता. मुक्कामाच्या अखेरीस माहिती देणाऱ्यांपैकी काहींच्या घरी आजारपण आणि मृत्यू आला. गुपिते परक्याला सांगितल्यामुळेच देव कोपले, असे तोडा मानू लागले आणि बोलायला कचरू लागले. रिव्हर्स यांनी ही हकीकत १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द तोडाज’ या ग्रंथात नोंदवून ठेवली. मनातले बोलून दाखवण्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागते, हा धडा त्यांना निलगिरीतच मिळाला असावा.

या दोन प्रवासांच्या पाठोपाठ त्यांनी एक विलक्षण प्रयोग हाती घेतला. त्यांचे मित्र आणि मज्जाविकारतज्ज्ञ हेन्री हेड यांनी १९०३ मध्ये स्वतःच्या डाव्या हातातील एक मज्जातंतू शस्त्रक्रियेने मुद्दाम कापून घेतला. तो पुन्हा जुळताना संवेदना कोणत्या क्रमाने परततात, याची नोंद रिव्हर्स सलग चार वर्षे करीत राहिले. केंब्रिजमधील त्यांच्या खोल्यांत हेड डोळे मिटून बसत आणि रिव्हर्स कापसाचा, सुईचा, ऊन-गार पाण्याचा स्पर्श करून पाहत. या प्रयोगातून त्यांनी मांडलेला सिद्धान्त पुढे टिकला नाही. पण दुसऱ्याला काय जाणवते आहे हे त्याच्याच तोंडून, घाई न करता, पुनःपुन्हा ऐकून घेण्याची शिस्त त्यांच्या अंगी मुरली ती अशी.

१९१४ मध्ये महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा रिव्हर्स ऑस्ट्रेलियात होते. पॅसिफिकमधील बेटांवरचे काम उरकून ते १९१५ मध्ये मायदेशी परतले, तोवर युद्धाने एक अनपेक्षित रूप घेतले होते. आघाडीवरून असे सैनिक परत येत होते ज्यांच्या अंगावर जखम नव्हती. पण कुणाची वाचा गेली होती, कुणाला चालता येत नव्हते, कुणाचे हात थरथरत होते, तर कुणी रात्रभर किंचाळत होते. टॉरेसच्या मोहिमेतले रिव्हर्स यांचे सहकारी चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला आणि तो सर्वतोमुखी झाला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी, असा आरंभी समज होता. मात्र स्फोटाच्या जवळपासही न गेलेल्यांना हाच त्रास होऊ लागल्यावर हा समज डळमळला.

लष्करी यंत्रणेने यावर शोधलेला तोडगा कागदी होता. शत्रूच्या माऱ्यामुळे मन बिघडलेल्याला जखमी समजायचे आणि इतरांना नुसते आजारी. पहिल्याच्या बाहीवर जखमेची मानाची फीत लागे, पुढे निवृत्तिवेतनाचा हक्कही मिळे. दुसऱ्याच्या वाट्याला संशय येई. १९१७ मध्ये तर आघाडीवरील डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ हा शब्दच वापरू नये, असा आदेश निघाला. त्याऐवजी मज्जासंस्थेची तक्रार, निदान अद्याप व्हायचे आहे, अशा अर्थाची मोघम आद्याक्षरे कागदावर लिहिली जाऊ लागली. रोगाचे नाव पुसले म्हणून रोगी कमी झाले नाहीत. ब्रिटिश सैन्यात युद्धकाळात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० झाली.

उपचारांतही दोन तट होते. रिव्हर्स यांनी उमेदीत जेथे काम केले होते, त्याच लंडनच्या राष्ट्रीय रुग्णालयात डॉ. लुईस येलँड वाचा गेलेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करीत. माणूस बोलू लागला की तो बरा झाला, असा त्यामागचा हिशेब होता. याउलट लिव्हरपूलजवळच्या मॅगहल येथील लष्करी रुग्णालयात डॉ. रोज रुग्णांच्या आठवणी आणि स्वप्ने ऐकून घेत. रिव्हर्स १९१५ मध्ये मॅगहलला गेले आणि तेथील साध्या शिपायांवर उपचार करता करता फ्रॉइडच्या विचारांशी त्यांचा जवळून परिचय झाला. युद्धातील मनोविकारांच्या मुळाशी लैंगिकता असते, हे त्यांना पटले नाही. मात्र नकोशा आठवणी मन नेणिवेत ढकलते आणि त्या तेथून वेगळ्या वाटांनी वर येतात, हा फ्रॉइड यांचा विचार त्यांना रोजच्या रुग्णांत खरा ठरताना दिसत होता.

त्यांना तो पटण्याला स्वतःचाही एक अनुभव कारण होता. रिव्हर्स वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत ज्या घरात राहिले, त्या घराचा तळमजला त्यांना आठवे; वरच्या मजल्याचे चित्र मात्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नसे. वर काहीतरी असे घडले असावे की मनाने तो मजलाच पुसून टाकला, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि आपल्या ग्रंथात तो मोकळेपणाने लिहिला. रुग्णाच्या बाजूला स्वतःला बसवून पाहण्याचा हा प्रामाणिकपणा तेव्हाच्या लष्करी वैद्यकात दुर्मीळ होता.

क्रेगलॉकहार्ट हे मुळात जलोपचारांसाठी बांधलेले आरोग्यगृह. १९१६ मध्ये ते लष्कराने अधिकाऱ्यांसाठी ताब्यात घेतले. दिवसा तेथे गोल्फ, टेनिस, नाटके चालत. रात्री मात्र खोल्याखोल्यांतून ओरडण्याचे आवाज येत. झोप लागली की युद्ध सुरू होई. ‘ते सगळे विसरून जा, चांगल्या गोष्टींचा विचार करा,’ असा सल्ला या अधिकाऱ्यांना आधीच्या डॉक्टरांनी, आप्तांनी, मित्रांनी दिलेला असे. हा सल्लाच घातक आहे, असे रिव्हर्स यांचे म्हणणे होते. दिवसभर निश्चयाने दाबून ठेवलेली आठवण रात्री दुप्पट जोराने उसळते, हे त्यांनी एकामागून एक रुग्णांत पाहिले. ४ डिसेंबर १९१७ रोजी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी ही मांडणी केली. तो पुढच्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या निबंधातील दोन रुग्ण रिव्हर्स यांची रीत आणि तिची मर्यादा दोन्ही सांगून जातात. एका अधिकाऱ्याला स्फोटाने छिन्नविच्छिन्न झालेला मित्राचा देह सापडला होता आणि रोज रात्री स्वप्नात तेच दृश्य दिसे. रिव्हर्स यांनी त्याला ते दृश्य विसरायला सांगितले नाही, उलट नीट पाहायला सांगितले. देहाची जी अवस्था झाली होती, तीच मृत्यू क्षणार्धात आल्याची, मित्राला वेदना झाल्या नसल्याची खूण होती. हे उमगल्यावर अधिकाऱ्याची स्वप्ने बदलली; त्यांतली भीती ओसरून दुःख उरले, आणि दुःख सोसता येत होते. दुसरा एक तरुण स्फोटाने उडून कुजलेल्या शत्रुसैनिकाच्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या आठवणीला समाधानाची एकही कड नव्हती. आपली पद्धत येथे लागू पडत नाही, हे रिव्हर्स यांनी मान्य केले. तो तरुण सैन्य सोडून खेड्यात राहायला गेला, तेव्हाच त्याला थोडा आराम पडला.

या कलंकाचे मूळ कुठे आहे, याचाही त्यांनी शोध घेतला. साध्या शिपायांत वाचा जाणे, अंग लुळे पडणे असे विकार अधिक आढळत. अधिकाऱ्यांत चिंता, निद्रानाश आणि भयस्वप्ने. रिव्हर्स यांनी याचा संबंध दोघांच्या घडणीशी जोडला. उच्चभ्रू शाळांत वाढलेल्या मुलाला भीती वाटणे हीच लाजिरवाणी गोष्ट आहे, असे लहानपणापासून शिकवलेले असते. तो आघाडीवर आपल्या हाताखालच्या माणसांसमोर निर्भयतेचा मुखवटा सांभाळतो आणि त्या सांभाळण्यातच मोडतो. म्हणजे माणूस भेकड असल्यामुळे कोलमडत नव्हता. भीती कबूल करण्याची सोय नसल्यामुळे कोलमडत होता. या एका वाक्याच्या आशयाने लष्करी न्यायालयाचा सगळा तर्क उलटा होत होता.

जुलै १९१७ मध्ये रिव्हर्स यांच्यापुढे आलेला रुग्ण मात्र या कोणत्याच चौकटीत बसणारा नव्हता. सेकंड लेफ्टनंट सिगफ्रीड ससून हे कवी होते, शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवलेले अधिकारी होते आणि त्यांनी युद्ध चालू ठेवण्याविरुद्ध जाहीर निवेदन काढले होते. हे निवेदन ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वाचले गेले. ससून यांचे कोर्ट मार्शल होऊ नये म्हणून त्यांचे मित्र, कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी वैद्यकीय मंडळापुढे खटपट केली आणि ससून आजारी असल्याचा निर्वाळा मिळाला. सरकारलाही ते सोयीचे होते. शूर माणूस युद्धाला विरोध करतो आहे, असे म्हणण्यापेक्षा त्याचे डोके ठिकाणावर नाही असे म्हणणे सोपे. मनोविकाराचा कलंक येथे शस्त्रासारखा वापरला गेला.

रिव्हर्स यांना ससून यांच्यात मनोविकाराची लक्षणे आढळली नाहीत आणि तसे त्यांनी नोंदवले. तरीही त्यांच्यावर सोपवलेले काम उघड होते. या माणसाला पुन्हा आघाडीवर जायला तयार करणे. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोघे बोलत बसत. रिव्हर्स यांनी दटावले नाही, उपदेश केला नाही. खंदकात अडकलेल्या आपल्या सैनिकांना सोडून आपण सुरक्षित बसलो आहोत, ही टोचणी अखेर ससून यांनाच असह्य झाली. नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय मंडळाने त्यांना लढाईस योग्य ठरवले. ससून यांच्या मनात रिव्हर्स यांना वडिलांची जागा मिळाली होती.

या यशाने रिव्हर्स स्वतः मात्र अस्वस्थ झाले. ससून यांच्याशी बोलता बोलता त्यांना स्वतःला एक स्वप्न पडले, ज्याचे विश्लेषण त्यांनी नंतर लिहून ठेवले. उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच रुग्णाचे युद्धविरोधी मत पटले तर काय, हा प्रश्न त्यात दडला होता. ज्याला बरे करायचे त्याला मरणाच्या तोंडी पाठवण्यासाठीच बरे करायचे, हा लष्करी मानसोपचारातला मूळ पेच आहे. रिव्हर्स यांनी गणवेश उतरवला नाही. पण हा पेच झाकूनही ठेवला नाही. क्रेगलॉकहार्टमध्येच डॉ. आर्थर ब्रॉक यांच्या उपचारांनी सावरलेले कवी विल्फ्रेड ओवेन पुन्हा आघाडीवर गेले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, शस्त्रसंधीच्या अवघ्या आठवडाभर आधी, मारले गेले. ससून यांच्याही डोक्याला १९१८ च्या जुलैमध्ये गोळी लागली. ते मात्र वाचले. लंडनच्या रुग्णालयात त्यांना भेटायला गेलेल्यांत रिव्हर्स होते.

१९१७ च्या अखेरीस रिव्हर्स लंडनमधील हॅम्पस्टेड येथे वैमानिकांच्या रुग्णालयात गेले. तेथे त्यांना आणखी एक गोष्ट उमजली. विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती असलेल्या वैमानिकापेक्षा, बांधलेल्या फुग्यात बसून टेहळणी करणारा आणि संकटात काहीच करू न शकणारा अधिकारी अधिक खचतो. धोका किती, यापेक्षा माणूस त्या धोक्यापुढे किती हतबल आहे, हे महत्त्वाचे ठरते. खंदकात दिवसचे दिवस तोफा झेलत बसलेल्या शिपायाचे दुखणे यातून नेमके कळत होते.

युद्धानंतर केंब्रिजला परतलेले रिव्हर्स मित्रांना बदललेले वाटले. पूर्वीचा संकोची, एकलकोंडा प्राध्यापक आता विद्यार्थ्यांना घरी बोलावू लागला, गप्पांत रमू लागला. १९२० मध्ये ‘इन्स्टिंक्ट अँड द अनकॉन्शस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच काळात मालवणला जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले आणि केंब्रिजमध्ये रिव्हर्स यांचे विद्यार्थी झाले. पुढे १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. भारतीय समाजशास्त्राच्या अनेक पिढ्या घडवणाऱ्या या परंपरेचा एक धागा असा रिव्हर्स यांच्यापर्यंत जातो.

१९२२ मध्ये त्यांनी मजूर पक्षातर्फे लंडन विद्यापीठ मतदारसंघातून पार्लमेंटची निवडणूक लढवण्याचे मान्य केले. तो योग आला नाही. जूनच्या सुरुवातीला कॉलेजातील आपल्या खोल्यांत ते एकटेच असताना आतड्याला पीळ पडला. मदत पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. ४ जून १९२२ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. उमेदवारीची जागा पुढे कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी घेतली. शेल शॉकची चौकशी करणाऱ्या ज्या सरकारी समितीपुढे रिव्हर्स यांनी साक्ष दिली होती, तिचा अहवाल त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

रिव्हर्स यांचा धडा लष्कराने लगेच गिरवला, असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने उड्डाणाला नकार देणाऱ्या वैमानिकांच्या कागदांवर नैतिक बळाचा अभाव असा शिक्का मारायला सुरुवात केली. ज्या दलाच्या वैमानिकांवर रिव्हर्स यांनी उपचार केले, त्याच्याच वारसदारांनी हे करावे, हा इतिहासाचा विरोधाभास. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणावाच्या विकाराला अधिकृत निदानाचा दर्जा दिला, तेव्हा कुठे या दुखण्याला सर्वमान्य नाव मिळाले. ससून यांनी १९३६ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात इतर अनेकांची नावे बदलली, रिव्हर्स यांचे मात्र खरे नाव ठेवले. पॅट बार्कर यांनी १९९१ मध्ये ‘रिजनरेशन’ ही कादंबरी लिहून त्यांना नव्या वाचकांपर्यंत नेले.

हॅरी फार यांच्या पत्नीला पतीच्या मृत्यूनंतर निवृत्तिवेतन नाकारले गेले आणि कुटुंबाने कित्येक वर्षे ही गोष्ट लाजेने लपवून ठेवली. पुढे त्यांच्या मुलीने लढा दिला. २००६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना मरणोत्तर माफी दिली. माफीला नव्वद वर्षे लागली. भीतीची वाच्यता करणारा सैनिक गुन्हेगार नसून रुग्ण असतो, आणि त्याचे आधी ऐकून घ्यायचे असते, हे तोतऱ्या जिभेच्या एका डॉक्टरने मात्र ती गोळी सुटली त्याच महिन्यापासून क्रेगलॉकहार्टमध्ये रोज आचरणात आणले होते.